एन्कोडिंग लावलं की प्रोसेसर १०० अंशांवर; धूळ काढून झाली, पेस्ट बदलून झाली, आता पुढे काय?

कातरकाम

मंडळी, आधीच सांगून ठेवते: कॅबिनेट उघडून धूळ काढली आहे, प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली पेस्टही नवी लावली आहे. तेव्हा "आधी धूळ साफ करा, मग पेस्ट बदला" हे दोन सल्ले सोडून बोलू या.

संगणक असा. कोअर आय७-१२७०० (मागे 'के' नसलेला, म्हणजे वेग ठरल्यापेक्षा वाढवायची मुभा नसलेला). त्यावर एकेरी टॉवरचा एअर कूलर, चार हीटपाइप, १२० मिमीचा एक पंखा. कॅबिनेटचा पुढचा भाग काचेचा, हवा आत यायला काचेच्या दोन्ही बाजूंना बोटभर फट. पुढे दोन पंखे, मागे एक. जोडणी दुकानातून करून घेतलेली. ग्राफिक्स कार्ड अगदी साधं, गेम मी खेळत नाही.

काम व्हिडिओचं. जुन्या टेपवरून उतरवलेलं चित्रण हँडब्रेक या प्रोग्रॅममधून एक्स२६५ मध्ये एन्कोड करते, म्हणजे फाइल आकाराने लहान करून घेते. एकेक फाइल तासन्‌तास चालते आणि तेवढा वेळ सगळे कोअर शंभर टक्के राबत असतात. यात नवीन काही नाही, गेल्या वर्षीही हेच चालायचं आणि तापमान ८०-८५ च्या घरात असायचं.

मग बायोस (मदरबोर्डमधली मूळ प्रणाली) अपडेट केला. नवी रॅम ओळखली जात नव्हती म्हणून करावाच लागला. तेव्हापासून फाइल लावली रे लावली की पाच-सात सेकंदांत तापमान १०० वर, आणि पंखा असा ओरडतो की शेजारच्या खोलीतला माणूस येऊन विचारतो काय झालं. नुसतं ब्राउझर आणि ईमेल चालू असेल तर ४० ते ४५, म्हणजे तिथे तक्रार नाही.

पेस्ट बदलून एका अंशाचाही फरक पडला नाही. म्हणून शंका येते की दुखणं वेगळंच आहे. कुठून सुरुवात करू?

अर्धवटराव

ताई, पेस्ट नीट पसरली नसणार. परत काढून लावा. नाहीतर सरळ ३६० मिमीचा लिक्विड कूलर घ्या, विषय संपला. १२७०० ला एकेरी टॉवर पुरतच नाही.

कातरकाम

अर्धवटराव, पहिलं वाक्य वाचलंत ना? आणि गेल्या वर्षभर पुरत होता तो कूलर बायोस अपडेटच्या दिवशी अचानक लहान कसा झाला, तेही सांगा.

खटपट्या

ताईंचा प्रश्न रास्त आहे. तापमान वाढलं की लोक आधी पेस्टच्या ट्यूबकडे धावतात. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. नुसत्या १०० या आकड्यावरून काहीच कळत नाही. १०० अंश ही या चिपची कमाल मर्यादा आहे. तिथे पोचली की ती स्वतःचा वेग आणि व्होल्टेज कमी करून तिथेच थांबते. कारण कुठलंही असो, आकडा शंभरच दिसणार.

मला पुढच्या गोष्टी हव्यात. एचडब्ल्यूइन्फो हा तापमान-वॉट दाखवणारा प्रोग्रॅम उतरवून घ्या, फक्त सेन्सरवाली खिडकी उघडा आणि नेहमीची एखादी लांब फाइल लावा.

'सीपीयू पॅकेज पॉवर' किती वॉट दाखवतं ते पहिल्या सेकंदाला, मिनिटाभराने, पाच मिनिटांनी आणि अर्ध्या तासाने टिपा. हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे आणि तो कोणी सांगत नाही. त्याच खिडकीत पीएल१ (चिपने सलग किती वॉट घ्यायचे) आणि पीएल२ (थोडा वेळ किती घ्यायचे) या मर्यादाही दिसतात, त्या लिहा. आठही पी-कोअरचं (चिपमधल्या मोठ्या, वेगवान कोअरचं) तापमान वेगवेगळं पाहा: सगळ्यात गरम आणि सगळ्यात थंड यांत किती अंतर आहे? कूलरच्या पंख्याचे आरपीएम. खोलीचं तापमान. आणि चाचणी चालू असताना कॅबिनेट बंदच ठेवा, उघडून नंतर पाहू.

कातरकाम

घ्या. खोली ३० अंश, काम संपेपर्यंत ३० च.

पॅकेज पॉवर पहिल्या सेकंदाला १८५ वॉट. मिनिटाभराने १६५. पाच मिनिटांनी १६० च्या आसपास. अर्ध्या तासाने १४०. तापमान सातव्या सेकंदापासून शेवटपर्यंत १००, हलतच नाही. थर्मल थ्रॉटलिंगपुढे (तापल्यामुळे वेग कमी होणं) 'येस' लिहून येतं.

पी-कोअरमधलं अंतर ८ अंश. (हे एकदा थोड्या हलक्या कामावर पाहिलं, कारण पूर्ण भारावर सगळेच शंभरला टेकतात.) पंखा १,६५० आरपीएम, खोक्यावर कमाल तेवढीच लिहिली आहे.

आणि पीएल१ ४०९५ वॉट, पीएल२ ही ४०९५ वॉट. हा छपाईचा दोष आहे की काय?

खटपट्या

दोष नाही. 'मर्यादाच नाही' असं सांगायची ती बायोसची पद्धत आहे. तुमचं पहिलं दुखणं सापडलं.

इंटेलच्या कागदावर आय७-१२७०० चे दोन आकडे आहेत: मूळ शक्ती ६५ वॉट आणि कमाल टर्बो १८० वॉट. मूळ कल्पना अशी की चिपने थोडा वेळ पीएल२ पर्यंत जावं आणि मग पीएल१ वर उतरावं. या 'थोड्या वेळा'ची शिफारस या चिपसाठी २८ सेकंद आहे. पण मदरबोर्ड बनवणाऱ्यांना आपला बोर्ड चाचण्यांमध्ये पुढे दिसायला हवा असतो, म्हणून बरेच बोर्ड ही मर्यादा मुळात उठवूनच ठेवतात. तुमची जोडणी करणाऱ्याने पहिल्या दिवशी ती आटोक्यात आणलेली असणार. बायोस अपडेट झाला, सगळी सेटिंग मूळपदावर गेली, मर्यादा उडाली. म्हणजे कूलर आहे तेवढाच आहे, त्याच्या माथी मारलेलं काम वाढलंय.

आता थोडं गणित. चिपचं तापमान वजा खोलीचं तापमान, भागिले वॉट. पाच मिनिटांचा आकडा घ्या: १०० वजा ३०, म्हणजे ७०, भागिले १६० बरोबर ०.४४. प्रत्येक वॉटमागे खोलीपेक्षा ०.४४ अंश वर. एकेरी टॉवरसाठी फार चांगला आकडा नाही, पण पेस्ट किंवा कूलरची बैठक बिघडली असती तर याहून कितीतरी वाईट आला असता. साध्या साठ-सत्तर वॉटवरच चिप शंभरला टेकली असती. कोअरमधलं अंतरही ८ च आहे. कूलर एका बाजूला उचललेला असेल तर काही कोअर वीस-वीस अंश पुढे निघून जातात. तेव्हा पेस्टला हात लावू नका.

बायोसमध्ये जा आणि पीएल१ १२५, पीएल२ १५०, वेळ २८ सेकंद करा. नावं बोर्डाप्रमाणे बदलतात: कुठे 'लाँग ड्युरेशन' आणि 'शॉर्ट ड्युरेशन पॉवर लिमिट' असतं, कुठे पहिल्याच पानावर 'कूलर कोणता' असं विचारून तो आकडा आतल्या आत ठरवतात. वेग किती घटेल याची काळजी नको. चिपची वीज साधारण घड्याळ (म्हणजे चिपचा वेग) गुणिले व्होल्टेजचा वर्ग या हिशेबाने जाते, आणि शेवटचे दोन-तीनशे मेगाहर्ट्झ काढायला व्होल्टेज बरंच वर न्यावं लागतं. शेवटचा तुकडाच महाग पडतो.

पण एक गोष्ट डोळ्यांत खुपतेय. पाच मिनिटांनी १६० वॉट आणि अर्ध्या तासाने १४०. हीटसिंक स्वतः तापायला दोन-चार मिनिटं लागतात, तेवढं मान्य. त्यानंतरही वॉट घसरत राहिले आणि खोली मात्र ३० च. म्हणजे कूलरला मिळणारी हवा ३० ची राहिलेली नाही. अर्ध्या तासाने तोच भागाकार ०.५० येतो. कॅबिनेटमध्ये गरम हवा साचतेय. मर्यादा लावल्यावर हे उघडं पडेल; माझा अंदाज, सुरुवातीला ८५ आणि अर्ध्या तासाने ९२.

निवांत

मला एक कळत नाही. १०० ही मर्यादा बनवणाऱ्यानेच ठरवलेली आहे. चिप स्वतःला सांभाळते. रायझन ७००० मालिका तर पूर्ण भाराखाली ९५ अंशांवर चालावी अशीच बनवली आहे, तसं एएमडीने उघड सांगितलंय. मग एवढा आटापिटा कशाला? कानात बोळे घाला आणि काम करा.

खटपट्या

चिपच्या जिवाला धोका नाही, इथपर्यंत तुमचंच बरोबर. लोक ९० दिसलं की घाबरून संगणक बंद करतात, त्यांना हे सांगायलाच हवं.

माझा आक्षेप वेगळा आहे. आकडा शंभरला खिळला की पुढचं काहीच दिसत नाही. पंखा बंद पडत चाललाय, जाळीत धूळ अडकलीय, वायर पात्यांना घासतेय, काहीही होवो, तापमान शंभरच. फरक पडतो तो गुपचूप वेगात. ताईंचंच पाहा, अर्ध्या तासात २० वॉट गेले आणि तापमापकाला पत्ता नाही. ८५ वर चालणारं यंत्र एक दिवस ९३ दाखवू लागलं तर निदान कळतं तरी.

कातरकाम

मर्यादा लावल्या. बायोसमध्ये सापडायला वेळ लागला, कारण आमच्या बोर्डावर त्या ओव्हरक्लॉकिंगच्या पानात, तळाशी 'अॅडव्हान्स्ड सीपीयू' नावाच्या आणखी एका पानात दडवून ठेवल्या आहेत. मर्यादा कमी करायला ओव्हरक्लॉकिंगमध्ये जायचं, हे सुचलं कोणाला!

निकाल: पहिली दहा मिनिटं ८४-८५. अर्ध्या तासाने ९१. खटपट्या, तुमचा अंदाज एका अंशाने चुकला.

वेगाचं म्हणाल तर पहिल्या मिनिटाचे फ्रेम दर सेकंदाला २७ वरून २४ वर आले. पण अर्ध्या तासानंतर बघितलं तर आधी २४ च्या थोडे वर असायचे, आता २४ च्या थोडे खाली. लांब फाइलला फरक जवळजवळ नाही. आवाजही कमी झालाय, कारण पंख्याला आता कायम कमाल वेगाने धावावं लागत नाही.

मग बाजूचं झाकण काढून तेच केलं. अर्ध्या तासाने ८३. म्हणजे हवा साचते हे नक्की. पुढची काच दोषी? ती काढता येते, पण मग दिसायला भयाण.

झारणी

मध्येच तोंड घालतो. १२ व्या पिढीच्या सॉकेटमध्ये प्रोसेसर मधोमध किंचित वाकतो, कूलरचा तळ सगळीकडे सारखा टेकत नाही. त्यासाठी सॉकेटची पकड काढून बसवायची धातूची चौकट मिळते. मी बसवली, चांगला फरक पडला. एकदा करून पाहा.

खटपट्या

चौकटीने काही अंश मिळतात, खोटं नाही. पण झाकण काढल्यावर ८ अंश उतरतात तिथे सॉकेट उचकटायची घाई कशाला? चौकटीचे स्क्रू कमी-जास्त आवळले गेले तर रॅमचा एखादा चॅनेल दिसेनासा होतो, मग नवं दुखणं. झाकण उघडून फरक पडतो ते कॅबिनेटचं दुखणं, झाकण उघडूनही पडत नाही ते कूलरचं. ताईंचं पहिल्या प्रकारातलं.

ताई, काच काढण्याआधी एक करा. टिश्यू पेपरची पातळ पट्टी फाडा आणि चालू संगणकाच्या मागच्या जाळीजवळ धरा. बाहेर फडफडली पाहिजे. मग पुढच्या फटींपाशी धरा, तिथे आत ओढली गेली पाहिजे. नुसतं पंख्याकडे बघून दिशा ठरवू नका, हल्ली उलट्या पात्यांचे पंखेही येतात.

कातरकाम

हे लिहिताना हसावं की चिडावं समजत नाही.

पुढच्या फटींपाशी पट्टी आत ओढली गेली. तिथे ठीक. मागच्या जाळीपाशी धरली तर फडफडण्याऐवजी सटकन जाळीला जाऊन चिकटली आणि हात काढला तरी पडेना. म्हणजे मागचा पंखाही हवा आत ओढतोय!

झाकण काढून टॉर्च लावून पाहिलं. कूलरचा पंखा टॉवरच्या पुढच्या बाजूला, गरम हवा मागे ढकलणारा. त्याच्या बरोब्बर समोर, चार बोटांवर, मागचा पंखा हवा पुढे ढकलणारा. मोटरला धरणाऱ्या चार काड्या कॅबिनेटच्या आतल्या बाजूला दिसत होत्या. टॉवरमधून निघालेली ऊन हवा दोघांच्या मध्ये कोंडून वरच्या जाळीतून जमेल तशी सुटत असणार. पंख्याच्या कडेला बारीक बाणही उठावात आहे, आत रोखलेला. संगणक घरी आला तेव्हापासून हे असंच असणार, कारण त्या पंख्याच्या स्क्रूंवर कोणाचाही हात फिरल्याची खूण नव्हती. दुकानदाराने तारा मात्र इतक्या सुबक बांधल्या आहेत की कौतुक वाटावं.

चार स्क्रू काढले, पंखा फिरवला, वायर आता दुसऱ्या कोपऱ्यातून येते म्हणून ती पात्यांत जाऊ नये अशी आवळली. पट्टी आता बाहेर फडफडते.

तेच काम, तीच खोली, झाकण बंद, १२५ वॉट: अर्ध्या तासाने ८२. तासाभरानेही ८२. काच आहे तिथेच आहे.

अर्धवटराव

म्हणजे लिक्विड कूलर नकोच?

कातरकाम

नकोच.

खटपट्या

८२ वजा ३० भागिले १२५, ०.४२ च्या आत. आता हा कूलर त्याच्या लायकीप्रमाणे चालतोय. वाटल्यास पीएल१ १४० पर्यंत नेता येईल, ८९ च्या आसपास थांबेल. मी असतो तर नेला नसता.

आणखी थंड करायचा मोह झाला तर व्होल्टेज कमी करण्याच्या नादी मात्र जपून लागा. 'के' नसलेल्या चिपवर थेट व्होल्टेज उतरवायला गेलं की बऱ्याच बोर्डांवर एक संरक्षण आड येतं. घड्याळ स्क्रीनवर तेवढंच दिसतं, तापमान छान उतरतं, माणूस खूश होतो आणि प्रत्यक्ष काम मंदावलेलं असतं. तुमच्या बाबतीत ते ओळखायची सोय आहे: फ्रेम मोजा. तापमान उतरलं आणि फ्रेमही उतरले तर काही कमावलं नाही.

बूटचोर

धागा पळवतो, माफी असावी. माझा रायझन ५ ५६००एक्स. काहीही चालू नसताना तापमान ४० वरून एकदम ५८, परत ४२, परत ६०. पंखाही तसाच वर-खाली घुमतो, डोकं उठतं. माझाही पंखा उलटा आहे का?

खटपट्या

नाही. रायझनचं ते नेहमीचं वागणं. एखादा बारीकसा तुकडा काम आलं तरी एक कोअर पूर्ण वेगाने उडी घेतो, आणि ज्या लहानशा चिपवर कोअर आहेत तिचं क्षेत्रफळ इतकं कमी की तेवढ्यापुरतं तापमान उसळतं. एका सेकंदात पंधरा-वीस अंश चढून उतरणं म्हणजे उष्णता साचलेली नाही. साचलेली उष्णता इतक्या लवकर उतरत नसते. चिपला काही करू नका, पंख्याला शांत करा: बायोसमध्ये पंख्याच्या पानावर 'स्टेप अप' किंवा 'स्मूदिंग' नावाचा वेळ असतो, तो तीन-चार सेकंद करा आणि ६५ अंशांपर्यंत पंख्याच्या वेगाची रेषा आडवी ठेवा.

पूर्ण भाराखाली काय होतं ते वेगळं विचारा. आणि विचाराल तेव्हा वॉट सांगा.

बूटचोर

केलं. पंखा गप्प. भाराखाली ७६ वॉट, ७४ अंश, खोली २८.

खटपट्या

०.६१. लहान चिपमुळे रायझनचा भागाकार जास्तच येतो, त्याची इंटेलशी तुलना करायची नाही. तुमच्या चिपची कमाल मर्यादा ९५ आहे. ठीक आहे सगळं.

झारणी

ताई, जाता जाता एक. आत्ता लावलेल्या मर्यादांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, प्रत्येक पानाचा वेगळा. बायोसमध्ये प्रोफाइल जतन करायची सोय असते, पण एका आवृत्तीत जतन केलेली प्रोफाइल पुढच्या आवृत्तीत उघडेलच याचा भरवसा नसतो. पुढचा अपडेट केलात की आधी पीएल१ बघा, मग फाइल लावा.

कातरकाम

काढले. मागच्या पंख्याचाही काढलाय, दुकानदाराला पाठवायला.